इंजिन फिरते, परंतु पेट घेत नाही : जुन्या मालवाहू व्हॅनमधील दोषाचा क्रमवार शोध

कापसाची वेचणी, आंबिया बहराच्या संत्र्याची तोडणी आणि तुरीची मळणी ही कामे वऱ्हाडात जवळजवळ एकाला एक लागून येतात. या दिवसांत अमरावती व अकोला जिल्ह्यांतील शेतमाल गावाहून बाजार समितीच्या आवारापर्यंत नेण्याची मोठी मदार लहान मालवाहू गाड्यांवर असते, आणि त्यांपैकी पुष्कळ गाड्या जुन्या असतात. 'मेटॅडोर' हे मूळ नाव बजाज टेम्पो कंपनीने १९६९ साली काढलेल्या व्हॅनचे. त्या व्हॅनचे उत्पादन केव्हाच थांबले, कंपनीनेही २००५ साली 'फोर्स मोटर्स' हे नाव धारण केले. तथापि कोणत्याही लहान मालवाहू गाडीस मेटॅडोर म्हणण्याची रूढी खेड्यापाड्यांतून टिकून आहे. पेट्रोलवर चालणारी मारुतीची व्हॅन १९८४ साली बाजारात आली. पुढे ती ओम्नी या नावाने ओळखली जाऊ लागली व २०१९ साली तिचे उत्पादन बंद झाले. परंतु भाजीपाला व किरकोळ माल वाहणाऱ्या ओम्नी गाड्या आजही रस्त्यावर दिसतात.

अशी गाडी ऐन हंगामात पहाटे रुसून बसली म्हणजे शेतकऱ्याची कोंडी होते. गाडीत भरलेले संत्रे उन्हात तापू लागते, लिलावाची वेळ टळते, हमालांची मजुरी अंगावर पडते. अशा घाईत सर्वसाधारणपणे एकच उपाय केला जातो, तो म्हणजे किल्ली पुनःपुन्हा फिरविण्याचा. त्यायोगे बॅटरी उतरते, स्टार्टर तापतो, आणि आरंभी जो दोष एक होता त्याचे तीन होतात. पुढे मिस्त्री येतो, तो डिझेल पंप खोलण्याचा सल्ला देतो, आणि कित्येकदा एवढा खर्च झाल्यावर असे आढळते की दोष दहा रुपयांच्या वायसरमध्ये होता. हा खर्च टाळावयाचा असेल तर दोषाचा शोध एका ठरावीक क्रमाने घ्यावयास हवा. जे जवळचे, स्वस्त आणि डोळ्यांनी दिसणारे आहे ते प्रथम पाहावे. जे दूरचे, महाग आणि खोलावे लागणारे आहे ते सर्वांत शेवटी.

प्रथम दुखणे कोणते ते ठरवावे

गाडी सुरू होत नाही या एका वाक्यात निदान तीन निरनिराळी दुखणी दडलेली असतात. किल्ली फिरविल्यावर नुसता 'टक्' असा आवाज येतो किंवा काहीच होत नाही, हे पहिले. इंजिन फिरते, परंतु जड व मंद गतीने फिरते, हे दुसरे. ही दोन्ही दुखणी बहुधा बॅटरीची, तिच्या टर्मिनलची किंवा स्टार्टरची, म्हणजे ज्याला गावात 'सेल्फ' म्हणतात त्याची असतात. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते, परंतु पेट घेत नाही, हे तिसरे. आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

मंद फिरणाऱ्या इंजिनास तिसऱ्या दुखण्याचे समजून पंप व नोझल तपासत बसणे व्यर्थ होय. डिझेल इंजिन पुरेशा वेगाने फिरले नाही तर त्यातील हवा तापतच नाही. म्हणून बॅटरीची टर्मिनले घट्ट आहेत काय, त्यांवर पांढरा किंवा हिरवा क्षार चढला आहे काय, आणि बॅटरीपासून गाडीच्या सांगाड्याला व इंजिनाला गेलेली जाड तार सैल आहे काय, हे सर्वांआधी पाहावे. क्षार कोमट पाण्याने धुऊन तारा पुन्हा आवळाव्या. पूर्ण भारलेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीच्या स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. हा आकडा १२.२ च्या आसपास आला असेल तर ती निम्मीच भरलेली आहे असे समजावे.

एक नियम पहिल्यापासून पाळावा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक लावू नये व दोन प्रयत्नांमध्ये निदान एक मिनिट थांबावे. तीन प्रयत्नांत इंजिन पेट घेत नसेल तर चौथ्याने घेईल ही आशा सोडावी आणि तपासणीस लागावे.

इंजिनास काय हवे असते

पेट्रोल इंजिनात पेट्रोल व हवा यांचे मिश्रण दाबले जाते आणि प्लगच्या ठिणगीने ते पेटविले जाते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तेथे केवळ हवा दाबली जाते. ती मूळ आकारमानाच्या सुमारे विसाव्या हिश्शाइतकी आकुंचित झाली म्हणजे तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते, आणि अशा तप्त हवेत नोझलमधून डिझेलचा सूक्ष्म फवारा सोडताच ते आपोआप पेट घेते. यावरून डिझेल इंजिन सुरू होण्यास तीन गोष्टी आवश्यक ठरतात : योग्य वेळी पोहोचणारे इंधन, पुरेशी हवा, आणि दाबामुळे निर्माण होणारी उष्णता. पेट्रोल इंजिनास या तिहींच्या जोडीला ठिणगीही हवी. शोध घ्यावयाचा तो एवढाच की यांपैकी काय कमी पडत आहे.

धुरावरून निदान

डिझेल गाडीत हे निदान करण्याचे सर्वांत सोपे साधन धूर हे होय. एका माणसाने सेल्फ लावावा व दुसऱ्याने सायलेन्सरच्या तोंडाकडे पाहावे.

धूर मुळीच येत नसेल तर सिलिंडरमध्ये डिझेल पोहोचत नाही. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते, परंतु जळत नाही. म्हणजे उष्णता कमी पडते. दाट काळा धूर येत असेल तर डिझेलच्या मानाने हवा अपुरी आहे. एवढ्या एका निरीक्षणाने शोधाचे क्षेत्र तिसऱ्या हिश्शावर येते. धूर पाहण्याआधी हातात पाना घेऊ नये.

धूर नसेल तर : इंधनाचा मार्ग

इंधन टाकीपासून नोझलपर्यंत ज्या वाटेने जाते त्याच वाटेने तपासणी करीत जावे.

पहिली पायरी टाकीची. काट्यावर विश्वास ठेवू नये. जुन्या गाड्यांचे काटे बहुधा चुकतात. चिखलदऱ्याच्या घाटासारख्या चढावर गाडी उभी असली तर थोडे डिझेल टाकीच्या एका कोपऱ्यात साचून नळीचे तोंड उघडे पडू शकते. स्वच्छ व कोरडी काठी घालून डिझेल मोजावे. झाकण उघडताना हवा आत ओढली गेल्याचा 'फुस्स' असा आवाज आला तर झाकणातील हवेचे छिद्र बुजले आहे असे समजावे. ते मोकळे केले की कित्येकदा गाडी तेथेच सुरू होते.

दुसरी पायरी इंजिन बंद करण्याच्या योजनेची. जुन्या गाड्यांत इंजिन बंद करण्यासाठी ओढावयाची तार असते. ती पूर्ण मागे गेली नाही तर पंप इंधन देत नाही. ज्या पंपांवर विजेवर चालणारा सोलेनॉइड असतो, तेथे किल्ली 'ऑन' करताच पंपाजवळ बारीक 'टक्' असा आवाज यावयास हवा. तो आला नाही तर फ्यूज व तार पाहावी.

तिसरी पायरी फिल्टरची. फिल्टरच्या बुडाशी पाणी काढण्याचा स्क्रू असतो. तो सैल करून अर्धी वाटी डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने ते तळाशी वेगळे दिसते. उघड्यावर ठेवलेल्या ड्रममधून किंवा कॅनमधून डिझेल भरण्याची जेथे सवय आहे तेथे पावसाळ्यात हा दोष हटकून आढळतो. पाणी निघाले तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत ते वाहू द्यावे व फिल्टर बदलावा.

चौथी पायरी हवेची. इंधनाच्या मार्गात हवा शिरणे हे जुन्या डिझेल गाड्यांचे नित्याचे दुखणे आहे. हवा दाबली जाते, परंतु डिझेल पुढे सरकत नाही, आणि नोझल उघडत नाही. टाकी पूर्ण रिकामी झाल्यावर किंवा फिल्टर बदलल्यावर हवा काढावीच लागते. फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून फीड पंपाचा हातपंप चालवावा. आरंभी फेस व बुडबुडे येतील. बुडबुडे थांबून सलग डिझेल येऊ लागताच हातपंप चालू असतानाच स्क्रू आवळावा. त्यानंतर मुख्य पंपावरील स्क्रूबाबत हीच कृती करावी. एवढ्यानेही इंजिन सुरू न झाल्यास नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ लावावा व डिझेल पाझरू लागताच ते पुन्हा आवळावे.

येथे एक धोका ध्यानी घ्यावा. नोझलमधील दाब शंभर वातावरणांहून अधिक असतो. त्या फवाऱ्यासमोर बोट धरल्यास डिझेल कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली व वेदना नसली तरी अशा माणसास तत्काळ रुग्णालयात न्यावे. विलंब झाल्यास बोट किंवा हात गमावण्याची पाळी येऊ शकते.

हवा काढल्यावर गाडी सुरू झाली म्हणजे काम संपले असे नाही. समजा, वरूड भागातील एखाद्या बागायतदाराची गाडी दिवसभर नीट चालते, परंतु रोज सकाळी हवा काढल्यावाचून सुरू होत नाही. येथे पंप निर्दोष आहे हे उघड आहे, कारण तो बिघडला असता तर गाडी दिवसाही चालली नसती. रात्री गाडी उभी असताना कोठून तरी हवा आत शिरते व डिझेल टाकीकडे परत उतरते. तडकलेली रबरी नळी, सैल क्लिप, किंवा नळीच्या जोडावरील झिजलेले तांब्याचे वायसर हे याचे नेहमीचे कारण होय. अशा जोडातून डिझेल बाहेर गळतेच असे नाही. कित्येकदा हवा मात्र आत शिरते. टाकी व फीड पंप यांच्यामध्ये तात्पुरती पारदर्शक नळी बसविल्यास बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. नळी व वायसरे बदलली की दुखणे जाते. पंप उघडण्याची आवश्यकता राहत नाही.

पांढरा धूर असेल तर : उष्णतेचा अभाव

डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या गारठ्यात हा प्रकार विशेष दिसतो. ज्या जुन्या इंजिनांत डिझेल प्रथम एका लहान कोठीत फवारले जाते, त्यांना थंड असताना हीटर प्लगची मदत लागते. किल्ली 'ऑन' करून हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबावे, मगच सेल्फ लावावा. घाईने तसाच सेल्फ लावणे हीच कित्येकदा तक्रारीची सर्व हकीकत असते.

तरीही पांढराच धूर येत राहिला तर हीटर प्लग तपासावे. प्लगची तार काढून, १२ व्होल्टच्या लहान दिव्याचे एक टोक बॅटरीच्या धन टर्मिनलला व दुसरे प्लगच्या टोकाला लावावे. दिवा लागला तर प्लगची तार अखंड आहे. न लागल्यास तो प्लग निकामी आहे. काही जुन्या इंजिनांत हे प्लग मालिकेत जोडलेले असतात. तेथे एक तुटला की सर्वच थंड राहतात. हीटर प्लग बदलणे पंपाच्या दुरुस्तीपेक्षा फार स्वस्त पडते.

प्लग चांगले असून पांढरा धूर कायम असल्यास कॉम्प्रेशन घटले आहे किंवा पंपाचा टायमिंग सरकला आहे असे समजावे. रेडिएटरचे पाणी वारंवार कमी होत असेल तर हेड गॅस्केट गेलेले असण्याचा संभव आहे. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ लावीत राहिल्यास इंजिन मोडते. हे काम कुशल मिस्त्रीचे आहे.

काळा धूर असेल तर : हवेची अडचण

चैत्र-वैशाखात काळ्या मातीची धूळ, आणि जिनिंगच्या आवारात उडणारे कापसाचे तंतू, ही दोन्ही एअर क्लीनरमध्ये साचतात. कागदी जाळी असल्यास ती काढून उजेडासमोर धरावी; उजेड पलीकडे दिसत नसेल तर ती बदलावी. तेलाचा एअर क्लीनर असल्यास त्यातील गाळ काढून नवे तेल खुणेपर्यंतच भरावे. खुणेच्या वर भरलेले तेल इंजिनात ओढले जाऊन इंजिन बेफाम धावू लागण्याचा धोका असतो. पुष्कळ दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या हवेच्या नळीत उंदरांनी घरटे केले आहे काय, हेही पाहावे.

पेट्रोल व्हॅनचा शोध

ओम्नीसारख्या पेट्रोल गाडीत धुराऐवजी वासावरून आरंभ करावा. सेल्फ लावल्यावर पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर पेट्रोल पोहोचत आहे, किंबहुना अधिक पोहोचून प्लग भिजले आहेत. कार्ब्युरेटरच्या गाडीत अशा वेळी चोक बंद करून, दहा मिनिटे थांबून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ लावावा. वास मुळीच येत नसेल तर पेट्रोल पोहोचत नाही.

इंजेक्शन पद्धतीच्या नव्या ओम्नीत किल्ली 'ऑन' केल्यावर टाकीतील पंपाचा गुणगुणणारा आवाज सुमारे दोन सेकंद येतो. तो न आल्यास प्रथम फ्यूज व रिले पाहावे. या गाड्यांत ठिणगी पाहण्यासाठी तारा ओढून काढू नयेत. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बिघडू शकते.

पावसाळ्यात जुन्या ओम्नीचा डिस्ट्रिब्युटर दमट झाला म्हणजे ठिणगी वाटेतच विरते. ओम्नीचे इंजिन पुढील आसनांखाली असते. आसन उचलून, किल्ली काढून, डिस्ट्रिब्युटरची टोपी व जाड तारा कोरड्या फडक्याने पुसाव्या. टोपीस बारीक तडा दिसल्यास ती बदलावी. उन्हाळ्यात नेमके उलटे घडते. अकोल्यास मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा दिवशी तापलेली कार्ब्युरेटरची गाडी थोडा वेळ उभी केली की नळीतील पेट्रोलची वाफ होते आणि पंप ती खेचू शकत नाही. गाडी सावलीत अर्धा तास उभी करावी व पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवावे. एवढाच उपाय पुरेसा होतो.

पेट्रोलविषयी आणखी एक गोष्ट जुन्या गाडीच्या मालकाने जाणून घ्यावी. २०२५ सालापासून देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. इथेनॉल पाणी शोषते. गाडी काही महिने उभी राहिली व टाकीत ओल शिरली तर पाणी व इथेनॉल मिळून तळाशी वेगळे होतात, आणि नेमका तोच थर इंजिनाकडे जातो. जुन्या रबरी नळ्याही अशा पेट्रोलाने फुगू व तडकू शकतात. म्हणून हंगामाखेरीजच्या काळात गाडी फार दिवस उभी ठेवू नये व नळ्या वर्षातून एकदा तपासाव्या.

या गोष्टी कटाक्षाने टाळाव्या

इंजिन नेहमीपेक्षा हलके, गरगर फिरत असेल व दाबाची लय ऐकू येत नसेल तर टायमिंगचा पट्टा किंवा साखळी तुटली असण्याचा संभव असतो. सेल्फ तत्काळ थांबवावा. गाडी ढकलून सुरू करण्याचा प्रयत्नही करू नये, कारण त्याने वाल्व पिस्टनवर आदळून वाकतात.

हवेच्या तोंडाशी पेटती चिंधी धरून किंवा ईथरचा फवारा मारून डिझेल गाडी सुरू करण्याची रीत काही ठिकाणी आहे. हीटर प्लग तापलेला असताना ईथर आत गेल्यास स्फोट होऊन पिस्टन फुटू शकतो. पेटत्या चिंधीने तर गाडीत भरलेला कापूसच पेटेल. कापूस भरलेल्या गाडीवर काम करण्यापूर्वी ती जिनिंगच्या ढिगापासून दूर न्यावी, बिडी-काडी बंद ठेवावी, आणि बॅटरीच्या तारांशी काम करताना ठिणगी उडू देऊ नये.

नळीने डिझेल किंवा पेट्रोल तोंडाने ओढू नये. ते थोडेसेही फुप्फुसात गेल्यास गंभीर आजार होतो. स्वस्त पडते म्हणून डिझेलमध्ये रॉकेल मिसळू नये. रॉकेलमध्ये वंगणाचा गुण कमी असल्याने पंपाचे व नोझलचे बारीक भाग झिजतात, आणि वाचविलेल्या पैशाच्या कितीतरी पट पैसा दुरुस्तीत जातो. गॅसवर चालणाऱ्या व्हॅनमध्ये गॅसचा वास आल्यास सेल्फ मुळीच लावू नये. दारे उघडावी, टाकीचा वाल्व बंद करावा व अधिकृत केंद्रास कळवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

या विषयाचे प्रात्यक्षिक गावात सहज घेता येते. खंडेनवमीस शेतकरी अवजारे व वाहने धुऊन त्यांची पूजा करतात. त्या सुमारास, म्हणजे वेचणीच्या तोंडावरच, एक जुनी गाडी घेऊन फिल्टरमधील पाणी काढणे, हवा काढणे, हीटर प्लग दिव्याने तपासणे व बॅटरीची टर्मिनले स्वच्छ करणे ही चार कामे शेतकऱ्यांच्या हातून करवून घ्यावी. तीन-चार पाने, एक स्क्रू ड्रायव्हर, दिव्याला जोडलेल्या दोन तारा, एक काचेची बाटली, पारदर्शक नळीचा हातभर तुकडा आणि मूठभर तांब्याची वायसरे एवढे साहित्य पुरे होते. हेच साहित्य प्रत्येक गाडीत एका डब्यात घालून ठेवावयास सांगावे. विहिरीवरील डिझेल पंपाच्या इंजिनासही यांतील इंधनाची व हवेची तपासणी जशीच्या तशी लागू पडते.

मिस्त्रीला बोलावण्याची वेळ आलीच तर त्याला नुसते 'गाडी सुरू होत नाही' असे सांगू नये. इंजिन कोणत्या वेगाने फिरते, धूर कोणत्या रंगाचा येतो किंवा येत नाही, फिल्टरमधून पाणी निघाले काय, हवा काढल्यावर काय झाले, आणि दुखणे थंड असताना आहे की तापल्यावर, ही पाच उत्तरे त्याला द्यावी. शक्य तर ती कागदावर लिहून ठेवावी. तालुक्याच्या गावाहून निघताना कोणते सुटे भाग सोबत घ्यावयाचे हे त्याला त्यावरून कळते आणि त्याची दुसरी खेप वाचते. ही उत्तरे मिळाल्यावाचून कोणी पंप खोलण्याचे सुचविल्यास त्याचे कारण त्याला अवश्य विचारावे.